शब्दचर्चा: उत्खननातला 'बॉक' म्हणजे बांध, धुरा की आणखी काही?

पत्रकवाली
नागपूर जिल्ह्यातल्या एका पुरातत्त्वीय उत्खननासाठी दोन पानी सूचनापत्रक मराठीत करायचं आहे. मजूर आणि विद्यार्थी दोघांनाही ते समजलं पाहिजे. गाडी अडली आहे ती 'बॉक' या शब्दाशी. आखणीतल्या दोन चौकोनांच्या मधे न खणता सोडलेली मातीची पट्टी, ती. पहिल्या मसुद्यात 'बांधाच्या कडेला उभे राहू नये, बांधावर घमेले ठेवू नये' असं लिहिलं होतं. वाचून दाखवलं तर मुकादम म्हणाला, "बांध कुठं आहे जी इथं?" शब्द सुचवा. पत्रक येत्या आठवड्यात छापायला जाणार आहे.

धुरेकरी
मुकादम बरोबर बोलला. आपल्याकडे दोन वावरांच्या मधल्या, नांगर न लागलेल्या पट्टीला धुरा म्हणतात. बांध म्हटलं की माणूस नाल्याकडे पाहतो. 'धुरा' लिहा अन् मोकळे व्हा. गंमत अशी की इंग्रजीतल्या बॉकचा जुना अर्थही हाच आहे, शेतात नांगरताना सोडलेली मातीची वरंब्यासारखी पट्टी. म्हणजे तिकडच्या उत्खननवाल्यांनीही शब्द वावरातूनच उचलला. मग आपण काऊन लाजावं?

शुद्धलेखनी
लाजण्याचा प्रश्न नाही, अर्थाचा आहे. 'धुरा' म्हणजे जू, भार, जबाबदारी. 'संस्थेची धुरा सांभाळली' हे वाक्य सगळ्या महाराष्ट्राला कळतं. उद्या कोल्हापूरचा विद्यार्थी पत्रक वाचेल, 'धुऱ्यावर बसू नये', आणि बुचकळ्यात पडेल. प्रमाण शब्द हवा. मी 'साक्षीपट्टी' सुचवते. ती पट्टी ठेवतात ती कुठला थर कुठे होता याचा पुरावा उभा राहावा म्हणूनच. मातीकामातही मोजमापासाठी न खणलेला मातीचा खुंट सोडतात, तोही साक्षीदारच.

धुरेकरी
ताई, जबाबदारीची असते *ती* धुरा आणि वावराचा असतो *तो* धुरा. तिचं रूप 'धुरेवर', याचं 'धुऱ्यावर'. तुमच्याच वाक्यात 'धुऱ्यावर' आलंय, म्हणजे घोटाळा व्याकरणानंच मिटवला. कोल्हापूरचा पोरगा दुसऱ्या दिवशी शिकेल. साक्षीपट्टी मात्र मुकादम कधीच म्हणणार नाही.

झाडीपट्टी
भंडारा-गोंदियाकडची अडचण वेगळी आहे. इकडे धानाच्या खाचराला *बांधी* म्हणतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे असलेला खोलगट तुकडा, आणि त्या धुऱ्यावर तूर लावतात. म्हणजे 'बांध' असं छापलं तर आमच्या मजुराच्या डोक्यात बांधी येणार, आणि तो नेमका उलटा अर्थ घेणार: जिथं उतरून खणायचं तिथं पाय ठेवायचा नाही!

पण यातच उत्तर आहे जी. खणायचा चौकोन म्हणजे बांधी, मधली पट्टी म्हणजे धुरा. आखणीचा नकाशा वरून पाहा, हुबेहूब धानाचं शेत दिसतं.

मातीगोटा
चित्र सुंदर आहे, पण धुऱ्यात एक धोका आहे. *धुऱ्यावरून माणूस चालतो.* डोक्यावर भारा घेऊन, बिनधास्त, कडेकडेनं. बॉकवर नेमकं तेच चालत नाही.

नेहमीचा हिशेब पाहा. 5 बाय 5 मीटरचा चौकोन आखायचा, प्रत्येक बाजूनं अर्धा मीटर सोडायचा, आत 4 बाय 4 खणायचं. शेजारच्या चौकोनाचाही अर्धा मीटर सुटतो, म्हणून मधली पट्टी एक मीटर रुंद होते. पंचवीसपैकी नऊ चौरस मीटर माती न खणता राहते, एवढी किंमत मोजून आपण ती पट्टी ठेवतो. खुंट्या आणि सुतळी तिच्यावर असतात. कडेवर पाय पडला की तीन गोष्टी बिघडतात. ढेकूळ खाली पडून वरच्या थरातलं खापर खालच्या थराच्या घमेल्यात जातं. खुंटी कलते, मग त्या दिवसाची सगळी मापं दोन-चार सेंटिमीटरनं सरकतात, आणि ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. तिसरं म्हणजे छेद, म्हणजे चौकोनाची उभी कापलेली बाजू, ओबडधोबड होतो, त्याचं रेखाटन काय करणार?

त्यात आपली काळी माती. डिसेंबरात छेद कापला की आरशासारखा दिसतो. फेब्रुवारीपर्यंत वाळून त्याला उभ्या भेगा पडतात आणि मार्चच्या उन्हात फळीसारखा तुकडा सुटून येतो. दीड मीटरच्या खाली गेलात तर पायऱ्या सोडा, आणि काढलेल्या मातीचा ढीग कडेपासून लांब टाका. म्हणून 'धुरा' लिहायचाच असेल तर पुढे ठळक लिहा: मधूनच चाला, कडेची वीतभर जागा सोडा.

शुद्धलेखनी
म्हणजे शब्द वापरून लगेच त्याचा अर्थ नाकारायचा. याला भाषांतर म्हणत नाहीत.

मातीगोटा
आणखी एक. शिळावर्तुळ, म्हणजे भोवती मोठ्या दगडांचं कडं असलेलं जुनं दफन, खणताना चौकोनी आखणी नसते. वर्तुळाचे चार पाव करतात, आधी समोरासमोरचे दोन खणतात, बॉक अधिकच्या चिन्हासारखा मधोमध उभा राहतो. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, नागपूरच्या आसपास शिळावर्तुळांची काय कमी? धुरा दोन मालकांच्या मधे असतो. आपल्याच वावराच्या छातीवर आडवा-उभा धुरा कोण घालतं?

धुरेकरी
वाटण्या झाल्या की घालतात. चार भाऊ, चार पाव. 🙂

झाडीपट्टी
😂

पत्रकवाली
'बॉक' तसाच ठेवला तर? पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 मध्ये तक्षशिलेला प्रशिक्षण वर्ग घेतला, तेव्हापासून हा शब्द इथल्या खणणाऱ्यांच्या तोंडी आहे. जुने कुशल मजूर सर्रास 'बाक' म्हणतात.

शुद्धलेखनी
आणि नवा मजूर त्या बाकावर बसेल. 'बाकावर बसू नये' हे पत्रकात कसं दिसेल, विचार करा.

खापरमोजणी
बॉकचं होईल काहीतरी. त्याहून घातक शब्द पत्रकात आहे का ते आधी बघा: भिंत. चौकोनाच्या उभ्या कापलेल्या बाजूला पुस्तकात 'छेद' म्हणतात, पण कामावर सगळे 'भिंत' म्हणतात. 'भिंत साफ करून घे' असं सांगितलं की खुरपीनं छेद वरून खाली खरवडतात, ते बरोबरच. पण त्याच चौकोनात कच्च्या विटांची खरी भिंत लागली असेल तर? कच्ची वीट आणि भोवतालची पडझडीची माती यांत रंगाचा फरक कित्येकदा नखभर असतो. 'भिंत साफ कर' म्हटल्यावर ती खरवडून गुळगुळीत झाली की विटांचे सांधे गेले, मापं गेली. छेदाला छेदच म्हणा, चार दिवसांत रुळतो. 'भिंत' हा शब्द बांधकामासाठी राखून ठेवा.

धुरेकरी
हे पटलं. तसाच खड्डा. आम्ही खणतो तोही खड्डा, अन् जुन्या माणसानं खणलेला, पुढं भरून गेलेला, तोही खड्डा. मजूर सांगतो, 'खड्ड्यात खड्डा लागला.' त्याच्यासाठी आपल्याकडं आयता शब्द आहे, पेव.

खापरमोजणी
सगळ्यांना नाही हं. पेव म्हणजे धान्य साठवायचा, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर. राखेचा, कचऱ्याचा, खांब रोवायचा खड्डा म्हणजे पेव नव्हे. पण शब्द चांगला आहे, कारण त्यात आकार आहे, आणि घोळ आकारामुळेच होतो. वर दोन फुटांचं वर्तुळ दिसतं. खणणारा तेवढंच सरळ खाली उतरवतो. पेव मात्र खाली रुंद झालेलं असतं, त्यामुळे वर्तुळाबाहेरची पेवातलीच माती 'थर 4' म्हणून पिशवीत जाते. मग थर 4 मध्ये दोनशे-तीनशे वर्षांनंतरची खापरं निघतात आणि लोक त्यावर शोधनिबंध लिहितात.

ओळखायचं असं: सपाटी खरवडून घ्या, फवाऱ्यानं हलकं पाणी मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. भरावाची भुसभुशीत माती आणि मूळ थर वेगवेगळ्या वेगानं वाळतात, कडेची रेघ उमटते. संशय आला की आधी खड्डा रिकामा करायचा, मग थर. खड्ड्याला वेगळा क्रमांक, वेगळी पिशवी. आणि नोंदीत 'थर 3 ने झाकलेला, थर 4 ला कापणारा' असं लिहा. 'थर 4 मधील खड्डा' हे वाक्य निरुपयोगी आहे, खड्डा कुठून खणला ते त्यातून कळत नाही.

शुद्धलेखनी
'झाकलेला-कापणारा' ही जोडी मान्य. 'आच्छादित' आणि 'छेदक' पेक्षा सरस आहे, मीच म्हणते.

मातीगोटा
पेव नसतानाही वरचं खाली जातं, हेही लिहा. काळ्या मातीच्या भेगा उन्हाळ्यात हातभर आणि त्याहूनही खोल जातात. बारीक मणी, बी, काचेचा तुकडा सरळ खाली उतरतो, पावसात भेग मिटते आणि मागमूस राहत नाही. एका मण्यावरून थराचा काळ ठरवू नये.

झाडीपट्टी
मग 'पांढरी' चं काय करता? आमच्याकडे गावाच्या जुन्या जागेला पांढरी म्हणतात, शेतीची ती काळी. पत्रकात 'स्थळ' असं कोरडं लिहिलंय. 'पांढरीचं टेकाड' म्हटलं तर गावातल्या म्हाताऱ्या बाईलाही कळेल.

मातीगोटा
आणि ते मातीशास्त्रालाही धरून आहे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, चुन्याचा अंश, यांनीच ती माती फिकी होते. चहूकडे काळं वावर आणि मधे फिकं टेकाड दिसलं की उतरून खापरं बघायची. त्रास एवढाच की त्या पांढऱ्या मातीला गिऱ्हाईक आहे. छपराला, पोताऱ्याला, वावरात टाकायला लोक गाड्या भरून नेतात, आणि टेकाडाची एक बाजू कापलेली असते. ती कापलेली बाजू आधी साफ करून वाचावी, खणण्याआधीच थरांचा अंदाज येतो.

धुरेकरी
सगळ्या टेकाडांना पांढरी नाही म्हणत पण. कित्येक गढी असतात. अमरावती जिल्ह्यातलं तुळजापूर गढी, नाव गढी, अन् पोटात ताम्रपाषाणयुगाची वस्ती. वरच्या नावावरून आतल्याचा काळ सांगता येत नाही.

शुद्धलेखनी
फलकाबद्दल कुणीच बोललं नाही. 'उत्खनन सुरू आहे' असा फलक हल्ली लावू नका. बातम्यांमुळे 'उत्खनन' म्हटलं की लोकांना मुरूम, रेती आणि तहसीलदार आठवतो. 'पुरातत्त्वीय' हा शब्द त्याच ओळीत, त्याच आकारात हवा.

खापरमोजणी
तसंच 'धातुमळी'. लोखंड गाळताना उरलेल्या काचेसारख्या वजनदार ढेकळांना हा पुस्तकी शब्द. मजूर 'मळी' म्हटलं की साखर कारखाना समजतो. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली आहे, त्यामुळे या भागात हा शब्द लागणारच. 'लोखंडाचं कीट' म्हणा. आणि पत्रकात ठळक घाला: लोखंड आणि कीट धुवायचं नाही. गंजाच्या पापुद्र्याखाली पाणी शिरलं की वस्तू आठवड्यात सोलते. कोरड्या ब्रशनं माती काढा, वेगळ्या डबीत ठेवा. तळाला काजळी किंवा आत करपलेला थर असलेली खापरंही न धुता बाजूला काढा.

बाकी खापरं धुताना एका पिशवीचं एकच ट्रे, सावलीत वाळवण, आणि चिठ्ठी ट्रेमधे *दगडाखाली*. दुपारच्या वाऱ्यानं चिठ्ठी उडाली की ती खापरं कुठल्याच थराची राहत नाहीत. पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक बाहेर बांधलेली, एक आत छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात. खापर ओलं असतं, नुसता कागद विरघळतो. क्रमांक घालायचा तो आतल्या अंगाला, तुटलेल्या कडेवर कधीच नाही, कारण जोडताना तीच कड लागते.

पत्रकवाली
हे सगळं घेते. पण खापर की खापरी?

खापरमोजणी
खापर. आणि भागांना साधी नावं: काठ, गळा, खांदा, पोट, बूड, तोटी. 'मुखप्रदेश' वगैरे नको. काठ, बूड आणि नक्षीचे तुकडे वेगळे काढायचे. पोटाचे तुकडे जातवार मोजून, वजन करून नोंदवायचे. नुसती संख्या लिहू नका, एकच रांजण फुटून शंभर तुकडे होतात.

झाडीपट्टी
अहवालात वाचलेला एक शब्द राहिला: 'हॉपस्कॉच'. खापराची घासून गोल केलेली चकती. ती तर सरळ आपली ठिकरी!

धुरेकरी
आमच्याकडं खेळ बिल्लस. ठिकरीनं खेळायचा.

खापरमोजणी
नाव खेळावरून दिलं की खेळ सिद्ध झाला असं वाटतं. ती सोंगटी असेल, मडक्याचं झाकण असेल, वजनही असेल. 'गोल चकती, कड घासलेली' एवढंच लिहा, व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये.

शुद्धलेखनी
आणि मधे भोक असेल तर?

खापरमोजणी
आरपार आणि मधोमध असेल तर सुताच्या चातीची चकती असण्याची शक्यता. दोन्ही बाजूंनी अर्धवट कोरलेलं असेल तर अपुरी राहिलेली.

धुरेकरी
चाती नाही, तकली.

झाडीपट्टी
तकली वेगळी, चाती वेगळी. चाती चरख्याला असते.

पत्रकवाली
बॉक राहिलाच.

शुद्धलेखनी
थांबा, चातीचं आधी होऊ द्या. चरखा यायच्या आधीच्या वस्तूला चरख्याचा शब्द कसा चालेल?