माणदेशी डोंगरांवर फुलपाखरं मोजायची पद्धत

माणदेशी: दहिवडीजवळच्या डोंगरावर हंगामवार गणना करायची आहे. चालत मोजायची वाट किती लांब ठेवावी? मे महिन्यात जाण्यात अर्थ आहे का?

रुईपान: एक किलोमीटर पुरे, पण वाट कायम तीच हवी. अर्धी माळावर, अर्धी ओढ्याकाठी. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्यातलंच मोजा. मागे वळून मोजलं की तेच फुलपाखरू दोनदा नोंदलं जातं. फोटोसाठी थांबलात तर मोजणीही थांबवा. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी जा. वारा उठायच्या आत, साडेआठ ते अकरा. मेमध्येही जाच, काही दिसलं नाही तर शून्य लिहा. ती नोंद नसेल तर पावसानंतरची वाढ कशाशी ताडणार?

बोरकाटा: झाडंही बघा, प्रत्येक फुलपाखराच्या अळ्या ठरावीक झाडावर असतात: रुईवर प्लेन टायगर, तरवडावर ग्रास यलो, नेपतीवर पायोनियर. बोरीचं पान उलटून पाहा: हिरवा थर खरवडलेल्या नागमोडी रेषा आणि मुंग्यांची ये-जा दिसली, तर पियरो फुलपाखराची चपटी हिरवी अळी तिथेच असते. अळ्यांची नोंद मात्र वेगळी ठेवा.

माणदेशी: उडणाऱ्या ग्रास यलोची नेमकी जात ओळखायची कशी?

रुईपान: उडताना नाहीच ओळखता येत. बसल्यावर मिटलेल्या पंखांचा फोटो घ्या. नाही जमलं तर नुसतं ‘युरेमा’ हे ग्रास यलोंच्या गटाचं नाव लिहा. अंदाजाने जात लिहू नका, सगळी यादी बिघडते. ओल्या मातीवरचा घोळका आधी लांबून टिपा, मग फोटोवर मोजा.