भृगू तलाव ते वशिष्ठचे गरम पाण्याचे कुंड : वडील आणि मुलीसह चालत जाण्याविषयी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ :

नमस्कार. गणपतीचे विसर्जन आटोपल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही चौघे मनालीला जाणार आहोत : मी, माझे यजमान, अकरावीत शिकणारी मुलगी आणि माझे वडील. वडिलांचे वय 66 आहे. गेली दहा वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेतात. पण रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याबरोबर कळसूबाईही चढले होते. भृगू तलाव पाहायचा आणि उतरल्यावर वशिष्ठ गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान करायचे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

एका सहल कंपनीने आम्हांला दोन दिवसांचा बेत सुचवला आहे. पहिल्या दिवशी सकाळी मनालीहून गाडीने गुलाबा, तेथून चालत रोला खोली आणि तंबूत मुक्काम. दुसऱ्या दिवशी तलाव पाहून त्याच दिवशी खाली मनालीत परत. वाट सोपी आहे, नवख्यांनाही जमते, असे ते सांगतात. मनालीत आमच्याकडे एकूण पाच दिवस आहेत. हा बेत वडिलांना झेपेल का, तलावावरून थेट वशिष्ठला उतरणारी वाट घ्यावी का आणि कुंडातले स्नान चढाईच्या आधी करावे की नंतर, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

देवदार :

मी हा तलाव दोनदा पाहिला आहे. पहिल्या वेळी जे चुकले ते आधी सांगतो, कारण तुमचा बेत जवळजवळ तोच आहे.

वाट सोपी आहे, हे खरे आहे. गुलाब्याहून निघाल्यावर थोडे जंगल लागते आणि मग एकामागून एक गवताळ कुरणे उलगडत जातात. दोर लावावा किंवा हात टेकावे लागतील अशी जागा उन्हाळ्याच्या अखेरीस कुठेही नाही. अडचण वाटेची नसून उंचीची आहे. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे आणि रोला खोली सुमारे 3,800 मीटरवर. म्हणजे एक रात्र मनालीत झोपून दुसरी रात्र रोला खोलीला काढायची, तर शरीराला एका दिवसात साधारण 1,750 मीटरची उडी घ्यावी लागते. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंची 1,646 मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही उडी केवढी आहे ते कळते. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणातला सर्वमान्य दंडक आहे आणि हा बेत तो पहिल्याच दिवशी मोडतो.

आम्ही जूनमध्ये असेच गेलो होतो. माझा मेहुणा तेव्हा तिशीत होता आणि आमच्यात सर्वांत दमदार होता. दुपारी रोला खोलीला पोहोचलो तेव्हा तो हसत-खेळत होता. संध्याकाळी त्याला जेवण नकोसे झाले, रात्री डोके ठणकू लागले आणि पहाटेपर्यंत तीन वेळा उलटी झाली. आमच्या वाटाड्याने तलावाचा विचार सोडून उजाडताच त्याला खाली न्यायला लावले. गुलाब्याच्या आसपास आल्यावर त्याने स्वतःहून चहा मागितला, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. विरळ हवेच्या त्रासावर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे, आणि हा त्रास दमदार माणसालाही होऊ शकतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तुमच्या वडिलांची रोजची चाल पायांना आणि दमाला नक्की उपयोगी पडेल, परंतु उंचीची सवय तिने होत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो आणि बेत पसरून आखला. पहिले दोन दिवस वशिष्ठ गावातच राहिलो आणि तेथून सफरचंदाच्या बागांमधून जोगिनी धबधब्याकडे जाणारी वाट चाललो. तिसरी रात्र गुलाब्याच्या वरच्या कुरणात, चौथी रोला खोलीला. पाचव्या दिवशी पहाटे निघून दहाच्या सुमारास तलावावर होतो. दुपारी ढग चढतात, म्हणून तेथे दुपारच्या आत पोहोचणे महत्त्वाचे आहे. यातही रोला खोलीचा टप्पा दंडकाच्या कडेकडेनेच जातो, पण एका उडीऐवजी दोन पायऱ्या होतात आणि त्याने पुष्कळ फरक पडतो.

तलावाविषयी एक अपेक्षा आधीच नीट करून घ्या. तो साधारण 4,235 मीटरवर आहे आणि छोटा आहे. शेवटच्या धारेवर पाय ठेवेपर्यंत तो दिसत नाही, आणि मग एकदम पायाखाली, वाटीच्या तळाशी पाणी ठेवावे तसा दिसतो. जूनमध्ये त्याच्यावर आणि भोवती बर्फ असते, त्यामुळे पुष्कळांना तलाव कोठे संपतो हेच कळत नाही. सप्टेंबरमध्ये काठ मोकळा असतो, गवताला तांबूस-पिवळी छटा चढू लागलेली असते आणि आकाश धुतलेले असले, तर भोवतालची हिमशिखरे स्पष्ट दिसतात. स्थानिक लोक हे महर्षी भृगूंच्या तपश्चर्येचे स्थान मानतात. भादों महिन्यात गावकरी येथे पवित्र स्नानासाठी चढून येतात. आपण काठावर चपला-बूट दूर ठेवावेत आणि पाण्यात पोहू नये. त्या श्रद्धेचा मान राखला, तर वाटाडेही मनापासून बोलतात.

अर्जुनाकाठ :

मी राजापूरचा आहे. आमच्या भागात गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात आणि लहानपणी आजी मला उन्हाळ्यावर स्नानाला नेत असे, म्हणून वशिष्ठचे कुंड पाहण्याची मला विशेष ओढ होती.

पुष्कळांना वाटते की गरम झरा म्हणजे खाली ज्वालामुखी असणार. हिमाचलातल्या या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खूप खोल मुरते. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, त्यामुळे ते तेथे तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून पुन्हा वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंतच्या आपल्या झऱ्यांमागेही मुख्यतः हेच कारण आहे. बियास आणि पार्वती या दोन्ही खोऱ्यांत असे झरे आहेत. मणिकरणला तर पाणी इतके तापलेले असते की कापडात बांधलेला तांदूळ त्यात शिजवतात. म्हणजे तुमच्या वडिलांनी वर ज्या डोंगरांचे बर्फ पाहिले, तसल्याच बर्फाचे फार पूर्वी मुरलेले पाणी त्यांना खाली कुंडात भेटेल. मला स्वतःला हा विचार फार भावतो.

वशिष्ठला दगडी मंदिराच्या आवारात पुरुषांचे आणि स्त्रियांचे कुंड स्वतंत्र आहे, भिंतींनी बंद, वर मोकळे आकाश. पाण्याला गंधकाचा वास येतो. माझ्या पत्नीने पायांतली चांदीची जोडवी काढली नव्हती. ती कुंडातून बाहेर आली तेव्हा जोडवी काळवंडली होती आणि दंतमंजनाने बराच वेळ घासल्यावर पुन्हा उजळली. तेव्हा चांदीचे दागिने खोलीवरच ठेवा. पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, म्हणून वडिलांचा हात धरायला पुरुषांच्या बाजूला तुमच्या यजमानांनी असावे. साबण लावून कुंडात उतरू नये. बाहेर नळांवर हेच पाणी येते. गावातल्या बायका थंडीच्या दिवसांत तेथे कपडे धुतात, कारण नदीच्या पाण्यात त्यांची बोटे गारठतात. हे कुंड त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, हे लक्षात ठेवून तेथे छायाचित्रे काढणे टाळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डॉक्टर_सातारा :

फक्त वैद्यकीय मुद्द्यापुरते लिहितो. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब खाली येतो. जी व्यक्ती आधीच रक्तदाबाची गोळी घेत आहे आणि दिवसभर चालून जिच्या शरीरातले पाणी कमी झाले आहे, तिला कुंडातून झटकन उठताना भोवळ येऊ शकते. म्हणून उतरून आल्या आल्या कुंडात जाऊ नये. आधी पाणी पिऊन, थोडे खाऊन विश्रांती घ्यावी, शक्य तर स्नान दुसऱ्या दिवशी सकाळी करावे. पायरीवर बसून अंगावर पाणी घ्यावे, दहा मिनिटांत बाहेर यावे आणि उठताना सावकाश उठावे. मुख्य म्हणजे निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून तपासणी करून घ्यावी. उंचीच्या त्रासासाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी कोणाच्या सांगण्यावरून परस्पर सुरू करू नये; सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास ती विचारूनच घ्यावी.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. मेहुण्यांचा प्रसंग मी वडिलांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, की पाच दिवसांत वर जाणे नीट होत नसेल, तर मला कुंड आणि देवदाराचे रान पुरे. तुम्ही तिघे जा. मला मात्र त्यांना एकट्याला मागे ठेवणे जड जाते. रजा दोन दिवस वाढवून मिळते का, ते पाहते आहे. ती मिळाली आणि डॉक्टरांनी संमती दिली, तर तलावावरून थेट वशिष्ठला उतरण्याविषयी आपले काय मत आहे?

देवदार :

रजा मिळाली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर त्यांना गुलाब्याच्या वरच्या कुरणापर्यंत अवश्य न्या. तेथे रात्र कशी जाते ते पाहून सकाळी पुढचे ठरवा. डोके दुखत असेल किंवा भूक मेली असेल, तर तेथूनच खाली यायचे, हे निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवून ठेवावे, म्हणजे त्या क्षणी वाद होत नाही. बुकिंग करताना कंपनीकडूनही हे लिहून घ्या, की मध्येच उतरावे लागल्यास एक वाटाड्या सोबत येईल.

थेट वशिष्ठला उतरणारी वाट मला अतिशय प्रिय आहे, कारण तलावापासून कुंडापर्यंत माणूस आपल्या पायांनी येतो आणि गवत, भूर्जवृक्ष, देवदार, सफरचंदाच्या बागा असा एकेक पट्टा ओलांडत जातो. पण त्या एका उतरणीत 2,000 मीटरहून अधिक उंची गमवावी लागते. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते. 66 वर्षांच्या गुडघ्यांना मी ती सुचवणार नाही. तुम्ही आणि वडील आल्या वाटेने गुलाब्याला उतरून गाडीने या. मुलगी आणि यजमान वाटाड्यासह वशिष्ठच्या बाजूने उतरू शकतात. दोघांनाही दोन-दोन काठ्या द्या आणि बूट नखांना लागू नयेत म्हणून पायांची नखे निघण्यापूर्वी कापायला सांगा.

आणि वडील खालीच राहिले, तरी त्यांचे दिवस रिकामे जाणार नाहीत. हिडिंबा मंदिर 1553 मध्ये बांधलेले आहे आणि त्याच्याभोवतीच्या ढुंगरीच्या देवदार वनात सकाळी सातच्या सुमारास फारसे कोणी नसते. जोगिनीच्या वाटेचा बागांमधला पहिला भाग सौम्य आहे, शेवटचा चढ मात्र खडा आहे. तो सोडून द्यायचा. तुम्ही वरून उतराल त्या संध्याकाळी ते वशिष्ठच्या चौकात तुमची वाट पाहत बसलेले असतील.