पणजोबा फौजेत नव्हते, म्हणून दगडावर नाव नको?

बर्डीची_पणती:
आमच्या कॉलनीच्या बागेत युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसतो आहे. मी पणजोबांचं नाव दिलं, तर समिती म्हणते, "ते कुठं फौजेत होते?"

पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. २३ नोव्हेंबर १९४२. मुंबईहून आफ्रिकेला निघालेल्या 'तिलावा'वर जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला. लोक होड्यांत उतरले. बोट बुडत नाही असं पाहून काही जण परत चढले, अन् दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली, त्यात पणजोबा. पणजी दोन लेकरं घेऊन नागपूरला भावाकडं आली. तो एम्प्रेस मिलमध्ये होता. समुद्र तिनं पुन्हा कधी पाहिला नाही.

महालकर:
ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. पणजोबा पोटासाठी गेले, लढायला नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला चिमूर-आष्टीत आपली माणसं इंग्रजांच्या गोळ्या झेलत होती. इथल्याच तुरुंगात १९४३ मध्ये शंकर महाले फासावर गेले. इंग्रजांच्या युद्धातलं मरण त्यांच्या रांगेत कसं बसवायचं?

बर्डीची_पणती:
भाऊ, चिमूरची नावं या दगडावर नाहीतच. यादीत पहिलं नाव बर्मात पडलेल्या शिपायाचं आहे. तोही इंग्रजांच्याच फौजेत होता नं, अन् पगारावरच!

दर्यावर्दी_विदर्भी:
मी वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आहेत, म्हणून बोलतो. युद्धकाळात ब्रिटिश जहाजांवरचा हिंदी खलाशी गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या लहानशा हिश्श्यावर राबायचा. १९३९ मध्ये युद्ध लागताच याच खलाशांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं, शेकडो जण तुरुंगात गेले. त्यांना इंग्रजांची माणसं म्हणू नका. हातात बंदूक नाही, खाली पाणी, अन् पाणबुडी कुठून येईल ते ठाऊक नाही. तरी पुढची फेरी करायचीच. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून जास्त हिंदी दर्यावर्दींची नोंद मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मृतिग्रंथात आहे. तिथं ती युद्धातलीच मरणं मानली आहेत.

महालकर:
शिपायाचा मुद्दा मान्य. पण मग थांबायचं कुठं? त्या बोटीवर शेकडो प्रवासीही होते. उद्या त्यांचे नातेवाईक येतील. अन् 'हुतात्मा' शब्द असा वाटत सुटलो, तर चिमूरच्या माणसांना काय म्हणायचं? तो शब्द मी सोडणार नाही.

बर्डीची_पणती:
प्रवाशांचे वारस आले तर येऊ द्या, त्यांच्यासाठीही मी बोलेन. 'तिलावा'बरोबर चांदीही बुडाली होती. २०१७ मध्ये ती समुद्राच्या तळातून वर काढली. मालकी कुणाची, हा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२४ मध्ये निकाल लागला. २,३६४ लगडी होत्या, एकेक मोजलेली. अन् माझ्या पणजीच्या नवऱ्याच्या नावाला चार इंच दगड मिळू नये?

'हुतात्मा' नको तर नको. नावापुढं 'खलाशी, तिलावा, १९४२' एवढं कोरा.

महालकर:
असं असेल तर बैठकीत मी आडवा येणार नाही. मात्र वेगळ्या ओळीत, शिपायांच्या खाली.

बर्डीची_पणती:
खाली नाही, भाऊ. वर्षाच्या क्रमानं. १९४२ जिथं येतं तिथं.