हँडिकॅप विमानशर्यतीत संथ विमान पहिले कसे येते?

पार्लेकर (प्रश्न):
इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने नुकतीच तेथील छोट्या खासगी विमानांची एक हौशी शर्यत पाहिली. तीत सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान कितीतरी वेगवान विमानांच्या आधी अंतिम रेषा ओलांडून विजयी ठरले, असे तो सांगतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्यावर अधिक वजन चढवतात हे मला ठाऊक आहे. विमानांच्या बाबतीत काय करतात? आणि आकडेमोडीने सर्वांना एका पातळीवर आणल्यावर वैमानिकाच्या कौशल्याला वाव तरी किती उरतो? मुंबईत असे काही होऊ शकेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

दिशादर्शक:
विमानावर वजन चढवत नाहीत, त्याला वेळेची सवलत देतात; हाच हँडिकॅप. समजा, मार्ग १०० सागरी मैलांचा आहे. १०० नॉट (तासाला १०० सागरी मैल) वेगाच्या विमानाला तो कापायला ६० मिनिटे लागतील आणि १२५ नॉटच्या विमानाला ४८. म्हणून पहिल्याला १२ मिनिटे आधी सोडायचे. प्रत्येकजण ठरवून दिलेल्या वेगाने तंतोतंत उडाला, तर सर्व विमाने एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचतील, अशा बेताने हँडिकॅपर, म्हणजे सवलत ठरवणारा अधिकारी, सुटण्याच्या वेळा लावतो. त्यामुळे जो रेषा प्रथम ओलांडेल तोच विजेता ठरतो आणि प्रेक्षकांना शेवटच्या काही मिनिटांत खरी चुरस पाहायला मिळते. राजे पंचम जॉर्ज यांनी चषक दिलेली किंग्ज कप शर्यत १९२२ मध्ये क्रॉयडन ते ग्लासगो व परत अशी प्रथम झाली, तीही हँडिकॅपचीच. १९३० मध्ये विनिफ्रेड ब्राउन यांनी एव्हरो एव्हियन या छोट्या विमानातून ती जिंकली. हा चषक जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

कौशल्याचे म्हणाल, तर माझ्या मते उलट येथे कौशल्याशिवाय दुसरे काही उरतच नाही. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) सर्वांचाच पूर्ण उघडा असतो. १०० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटर. वळणबिंदू (मार्गावर जेथे वळायचे ते ठरलेले ठिकाण) ओलांडून दहा सेकंद उशिरा वळणारा वैमानिक अर्धा किलोमीटर पुढे जातो आणि तेवढेच अंतर त्याला परतही यावे लागते. फार तीव्र वळण घेतले तर वेग गळतो, फार ऐसपैस घेतले तर अंतर वाढते.

पार्लेकर:
मग एखाद्याने चाचणीच्या वेळी मुद्दाम संथ उडून जास्त सवलत पदरात पाडून घेतली तर?

दिशादर्शक:
म्हणूनच हँडिकॅपर वैमानिकाच्या शब्दावर विसंबून राहत नाही. विमानाची जात, इंजिन, पंखा (प्रोपेलर) आणि पूर्वीची कामगिरी पाहूनच तो आकडा ठरवतो. मोठा विजय मिळवणाऱ्याची सवलत पुढच्या खेपेला कमी होते, हे ओघाने आलेच.

कुलाबा_दांडी:
वाऱ्याचा उल्लेख राहून गेला, आणि माझ्या दृष्टीने हँडिकॅपरची खरी कसोटी तेथेच लागते. वरच्या उदाहरणातील मार्ग ५० मैल जाणे आणि ५० मैल येणे असा धरा आणि २० नॉटचा वारा एका टप्प्यात समोरून, दुसऱ्यात मागून येतो असे माना. संथ विमानाला आता ६२.५ मिनिटे लागतात, वेगवान विमानाला सुमारे ४९.३. म्हणजे तोटा दोघांचाही झाला, पण संथ विमानाचा सुमारे सव्वा मिनिटाने अधिक. समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ काढावा लागतो, म्हणून मागच्या वाऱ्याने ती भरपाई होत नाही. सकाळचा वारा पाहून सुटण्याच्या वेळा पुन्हा मांडल्या नाहीत, तर निकाल आधीच झुकलेला असतो.

अमेरिकेतील एअर रेस क्लासिक या केवळ महिलांच्या शर्यतीने निराळा मार्ग काढला आहे. तेथे प्रत्येक विमानाला एक प्रमाण वेग दिलेला असतो आणि प्रत्यक्ष वेग त्याहून किती अधिक भरला, त्यावर क्रमांक लागतो. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबण्याची मुभा असल्यामुळे सर्वांत शेवटी पोहोचलेली जोडीसुद्धा विजयी ठरू शकते. प्रेक्षकांना मात्र हा प्रकार कंटाळवाणा वाटेल.

सांताक्रूझवासी:
मुंबईबद्दल लिहितो. जुहूचा विमानतळ १९२८ चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा, आणि १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. तेव्हा परंपरेची उणीव नाही. परंतु आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते आणि काही किलोमीटरवर सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर अखंड वर्दळ चालू असते. अशा आकाशात दहाबारा विमानांनी कमी उंचीवर एकामागोमाग वळणे घ्यावीत, ही कल्पनाच करवत नाही. क्लबचे उड्डाण-प्रशिक्षणसुद्धा धुळ्याला चालते. शर्यतीचा विचार करायचाच असेल, तर तो अशा मोकळ्या विमानतळाचा करावा, आणि तोही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी गृहीत न धरता.

मी स्वतः शर्यतीऐवजी रॅली सुचवीन. तीत प्रत्येक वैमानिक आपला वेग आधी जाहीर करतो आणि वळणबिंदूंवर ठरल्या वेळेपेक्षा जितके सेकंद आधी किंवा नंतर पोहोचेल, तितके गुण गमावतो. तेथे हँडिकॅपरची गरज नाही आणि मुद्दाम संथ उडून कोणाचाही फायदा होत नाही.