‘बे’ म्हणत नाही म्हणून मी सोलापूरची नाही?

पूर्वभागवाली:
कालपासून प्रत्येक ग्रुपवर तीच यादी फिरतेय. ‘अस्सल सोलापूरकर ओळखा’: वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावतो, ‘काय करूलालास’ (म्हणजे ‘काय करतोयस’) असं विचारतो, शेंगा चटणीशिवाय गाव सोडत नाही, गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला) हमखास सुट्टी टाकतो, अंगावर सोलापुरी चादरच घेतो. आणि खाली दवंडी: ‘यातलं काहीच जमत नसेल तर तुम्ही सोलापूरकर नाही, सोलापुरातले भाडेकरू.’

मी दत्त नगरात वाढले. घरात तेलुगू. आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, शेजारच्या अव्वाशी अर्धं कानडी अर्धं तेलुगू बोलायची आणि भाजीवाल्याशी मराठीत भांडायची. तिने आयुष्यात कुणाला ‘काय बे’ म्हटलं नाही. मी म्हटलं असतं तर पाठीत उलथनं बसलं असतं. ‘बे’ हा ज्यांना चौकात तासन्‌तास उभं राहायची मुभा होती त्या पोरांचा शब्द. यादीवाल्याने पहिल्याच ओळीत गावातल्या बायका बाहेर काढल्या, दुसऱ्या ओळीत आमचा तेलुगू बोलणारा पूर्व भाग. आता हा भाडेकरू कोण आणि मालक कोण, तेवढं सांगा.

बाळीवेसचा_बंड्या:
ताई, गंमत आहे ओ ती. पुण्यात बसमध्ये मागून कुणी ‘सरक की बे’ म्हणालं की मान आपोआप वळते. बरं वाटतं. एवढंच. प्रत्येक गोष्टीत कशाला भांडण काढूलालाव?

पूर्वभागवाली:
गंमत असेल तर ‘भाडेकरू’ कशाला? आणि ‘बे’च्या जागी आमच्याकडे तेलुगू ‘एंरा’ आहे. साखर पेठ ओलांडून अशोक चौकाकडे आलात तर ऐकू येईल. आलात तर.

हडपसरकर:
यादी मी केलेली नाही, पण फॉरवर्ड मी केली, म्हणून बोलतो. ही यादी गाव सोडलेल्यांसाठी आहे. तुम्हाला रोज मिळतं म्हणून किंमत नाही. आम्ही शुक्रवारी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येतो, रात्री स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याचं ‘कुठं जाऊलालाव?’ ऐकलं की आठवड्याचा शीण जातो. मुलांना तिकडे ‘करूलालोय’ म्हणायला लाज वाटते, वर्गात हसतात. आम्ही जपतोय ते तुम्हाला खटकतंय?

सात_रस्ता:
जपताय म्हणजे काय करूलालाव नक्की? शुक्रवारी येता, शनिवारी डिस्को भजी खाता, फोटो टाकता, रविवारी परत. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, ते पण कधी मध्यरात्री तर कधी पहाटे. उजनी धरण भरलं तरी आमचा हंडा रिकामाच. यादीत लिहा की: ‘अस्सल सोलापूरकराला पाण्याचा वार पाठ असतो.’ आठवणी तुमच्या आणि घागरी आमच्या, अशी वाटणी झालीय.

हडपसरकर:
पाण्याचा इथं काय संबंध? नोकऱ्या असत्या तर गेलो असतो का? २०२३ ला विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा तुम्हीच म्हणत होतात, विमान आलं की सगळं…

बाळीवेसचा_बंड्या:
चिमणीचं नाव काढू नका बे इथं. मागच्या वेळी त्यावरून भांडलेले दोन मेव्हणे अजून बोलत नाहीत एकमेकांशी. माझ्याच घरातले.

धोटा_कांडी:
मला फक्त शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय. ‘अंगावर सोलापुरी चादरच घेतो.’ कुठली चादर? हडपसरकर, तुमच्याकडची चादर कुठून घेतली?

हडपसरकर:
हायवेला टेम्पो लावून विकतात त्यांच्याकडून. ‘सोलापुरी चादर’ असा मोठा बोर्ड होता. चांगली आहे, उबदार.

धोटा_कांडी:
हसू की रडू. अहो, ती बहुतेक पानिपतची. वडिलांनी आयुष्यभर मागावर चादर विणली, म्हणून सांगूलालोय. घरी जाऊन उलटी करून बघा. आपली चादर सुती, दुहेरी विणीची. दोन्ही बाजूंना तेच डिझाईन दिसतं, फक्त रंग उलटे. या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर त्या बाजूला पांढऱ्यावर लाल. जकार्डवर पत्त्यांचा हार चढवून ते डिझाईन उतरवावं लागतं, एक पत्ता चुकला की मोराची मान तुटते. आणि हातात घेतली की वजन कळतं. तुमची फुगीर आणि हलकी असणार, एका बाजूला डिझाईन, मागं नुसता धुरळा.

हडपसरकर:
उलटी केली. मागं धुरळा.

बाळीवेसचा_बंड्या:
😂😂 भाडेकरू सापडला बे!

अक्कलकोट_रोड:
हसणं सोपं आहे. आमचा कारखाना आहे, म्हणून मी पण बोलतो. चादरीवर बसून राहिलो असतो तर केव्हाच कुलूप लागलं असतं. सुताचा भाव वाढला, वीज वाढली, आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘जड आहे हो, मशीनला धुता येत नाही’. म्हणून टॉवेलवर गेलो. हॉटेलं घेतात, बाहेरच्या देशात जातो. टॉवेल काय सोलापूरचा नाही का? जीआय, म्हणजे ‘माल इथलाच’ असा सरकारी शिक्का, चादरीला आहे तसा टॉवेललाही आहे. पण टॉवेलच्या आठवणीत कुणी रडत नाही.

धोटा_कांडी:
मालक, टॉवेल करा, नाही कोण म्हणतंय. पण शिक्का आला त्यानं विणणाऱ्याच्या पगारात किती फरक पडला तेवढं सांगा. शिक्का कपड्याला मिळाला. वडिलांना कानानं कमी ऐकू यायला लागलं ते त्या खडखडाटानं. पोरांनी मागाच्या धोट्याला हात लावू नये म्हणून त्यांनी मला आयटीआयला घातलं.

अक्कलकोट_रोड:
पुन्हा मालक वाईट! माणूस मिळत नाही कामाला, ते कुणी बोलत नाही. तुम्हीच आयटीआयला गेलात ना? मग चादर कोण विणणार, मी एकटा?

धोटा_कांडी:
तेवढ्या मजुरीत तुमचा मुलगा बसेल का मागावर?

अक्कलकोट_रोड:
नाही बसणार. तो पण हडपसरलाच आहे.

सात_रस्ता:
झालं! सगळे रस्ते हडपसरला.

काठीवाला:
चादरीतून सवड मिळाली असेल तर गड्ड्यावर या. ‘गड्ड्याला सुट्टी टाकतो’ म्हणजे काय करतो? होम मैदानावर पाळण्यात बसतो, भेळ खातो, मौत का कुआं बघतो. त्याला यात्रा म्हणूलालाव तुम्ही? आमच्या घरात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, उचलायचा मान आहे. आधीपासून सराव असतो, खांद्याला घट्टे पडतात. १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अख्ख्या गावाची प्रदक्षिणा. १४ ला संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. सात काठ्या, बाराबंदीतली माणसं, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’. यादीवाल्याला यातलं काही माहीत असतं तर गड्डा हा शब्द एवढा स्वस्तात वापरला नसता.

पूर्वभागवाली:
काठीवाले दादा, तुमचा मान मोठा, पण तुम्ही पण तेच करताय. पाळण्यात बसलेल्याला बाहेर काढलंत. आमची आई अक्षतेला गर्दीत लांब उभी राहायची आणि मग आम्हाला पाळण्यात बसवायची. तिला दोन्ही गड्डाच वाटायचं. आणि सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत आहेत. मग यादीत कानडी का नाही? नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, अर्धा पूर्व भाग रस्त्यावर असतो, तो का नाही?

लष्करवाला:
आमच्या घरात दखनी, ‘हौ’ आणि ‘नक्को’, बाहेर पडलं की ‘बे’. मला तरी यादीचा राग आला नाही. पण पूर्वभागवाली अक्काचं एक पटतं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून नावं वाचा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी. चौघांच्या घरात चार वेगळ्या तऱ्हेचं बोलणं असणार. सोलापुरात मार्शल लॉ लावताना इंग्रजांनी कोण ‘बे’ म्हणतो ते बघितलं नव्हतं. हडपसरकर ज्या गाडीनं येतात तिचं नाव ह्यांच्यावरनंच आहे.

हडपसरकर:
आता हुतात्म्यांना आणलं. यापुढे काय बोलणार माणूस. चटणीवर तरी एकमत आहे ना?

जुळे_सोलापूर:
आहे ना. फक्त मिक्सरमधली चालेल की नाही ते ठरवा. (मी मूळचा बार्शीचा. मला मत आहे का?)

काठीवाला:
मिक्सरमधला तो कूट झाला, चटणी नव्हे. उखळात कुटून तेल सुटलं पाहिजे, मुठीत दाबली तर गोळा झाला पाहिजे. आणि बार्शीवाल्यांना मत आहे, किंमत नाही.

जुळे_सोलापूर:
वीस वर्षं घरपट्टी भरतोय. किंमत तिथे मोजतात.

सात_रस्ता:
ह्यांना पाण्याचा वार विचारा. पाठ असेल तर घ्या आत.

जुळे_सोलापूर:
पाठ काय, त्या दिवशी मी रजा टाकतो. गड्ड्याला नाही टाकत.

सात_रस्ता:
घ्या आत.

बाळीवेसचा_बंड्या:
ताई, तुमचं म्हणणं कळलं. यादीत ‘एंरा’ घालतो, ‘नक्को’ घालतो, कानडी ‘ऊट आत’ आणि तेलुगू ‘तिन्नवा’ (जेवलास का) ते पण घालतो. खाली ‘भाडेकरू’ खोडतो. पण ‘बे’ काढणार नाही. हे गाव सुटल्यावर मला तेवढंच उरलंय.

पूर्वभागवाली:
काढा कोण म्हणालं? ठेवा. हवं तर ठळक करा. यादी लांब झाली की फॉरवर्ड होणार नाही, तेवढाच फायदा. आणि विड्या वळणाऱ्या बायका घालायला विसरू नका, चादरीवर एवढं रडलात, सुपावर कुणी ब्र काढला नाही.

हडपसरकर:
धोटा_कांडी, दुहेरी विणीची कुठं मिळेल ते मेसेज करा. बायको विचारूलालीय, घरातली धुरळावाली कुणाला द्यायची.

धोटा_कांडी:
पाहुण्यांना. रविवारी निघायच्या आधी या, बरोबर येतो. रोख आणा, आणि दुकानात ‘हलकी दाखवा’ म्हणू नका.

अक्कलकोट_रोड:
माझ्याकडे पण आहेत पन्नासेक शिल्लक. जड आहेत. आधीच सांगूलालोय.