लेकीची पहिली गाडी: सेफ पण पाहिजे आणि दमदार पण, काय बघू?

तिचा_बाबा:
मंडळी, लेक १८ ची झाली, लायसन हातात आलं आणि गेले तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही. तिला दम असलेली गाडी पाहिजे, हिला रणगाडा पाहिजे, आणि माझा मृदंग झालाय. खरं सांगायचं तर मरतुकडी गाडी मलाही नकोय. मी शिकलो तेव्हाची आमची गाडी अशी होती की ट्रकच्या बरोबरीला आलं की तिचा जीवच संपायचा, पुढे जाता येईना आणि मागे पण येता येईना, आणि समोरून दिवे. अजून स्वप्नात येतं ते. म्हणून थोडी ताकद असणं म्हणजे पण सेफ्टीच असं माझं मत आहे, पण थोडी म्हणजे किती? १०० बीएचपी (इंजिनाची अश्वशक्ती)? १५०? दीडशे म्हटलं की हिच्या पोटात गोळा येतो. दुसरं म्हणजे बजेटमध्ये एक तर नवी छोटी हॅचबॅक बसते नाहीतर चार-पाच वर्षं वापरलेली मोठी सेडान. मॉडेलची नावं नका देऊ, बघायचं काय ते सांगा.

क्लचप्लेट:
नुसता बीएचपीचा आकडा बघून काही कळत नाही, वजनाने भागा. १००० किलोच्या गाडीत १०० बीएचपी म्हणजे टनाला १००. १६०० किलोच्या सेडानमध्ये १५० म्हणजे टनाला ९४ च्या आसपास, म्हणजे वहिनींच्या पोटात ज्या आकड्याने गोळा येतोय ती गाडी त्या छोटीपेक्षा निवांत निघते. उलटं उदाहरण म्हणजे १९७६ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, ११० च अश्वशक्ती, आज साध्यासुध्या हॅचबॅकला पण असते तेवढी, पण वजन ८०० किलोच्या आसपास म्हणून सुसाट पळायची. माझ्या मते नवीन ड्रायव्हरला टनाला ८० ते १०० भरपूर झालं.

आणि तुम्हाला ओव्हरटेकला जे हवंय ना तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, तोही मधल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे मध्यम असताना. ८० वरून १०० ला किती पटकन जाते ते बघा, शून्य ते शंभर वगैरे सिग्नलवर शायनिंग मारायला ठीक आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असेल तर स्वतः चालवून बघाच, काही गाड्या १८०० आरपीएमपर्यंत झोपलेल्या असतात आणि मग एकदम लाथ घालतात, ओल्या रस्त्यावर वळणात ती लाथ नवख्याला झेपत नाही. बाकी तुमची ती ट्रकची गोष्ट, त्यात गाडीपेक्षा गिअर खाली न टाकल्याचा दोष जास्त वाटतोय. चौथ्यातच राहिला होतात ना?

तिचा_बाबा:
पाचव्यात होतो. घरी कोणाला सांगितलेलं नाहीये.

गुळगुळीत_टायर:
एअरबॅग नंतर मोजा हो, आधी ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, आहे का ते बघा. एअरबॅग ठोकल्यावर कामाला येते, ईएससी ठोकायच्या आधी. स्टिअरिंग जिकडे फिरवलंय आणि गाडी खरी जिकडे चाललीये यात फरक पडला की ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी रांगेत आणते, आपल्या पायाला चार पेडल थोडीच आहेत. १९९७ मध्ये मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या टेस्टमध्ये उलटली होती, समोर अचानक प्राणी आला असं धरून गाडी सटकन एका बाजूला आणि परत जागेवर घ्यायची असली टेस्ट. त्यानंतर कंपनीने सगळ्या ए-क्लासला हे स्टँडर्ड करून टाकलं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या गाड्यांना सक्तीचंच आहे. सेकंड हँड घेताना जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह एकदा पेटून विझतं. पेटलंच नाही तर एक तर सिस्टिमच नाही नाहीतर कोणीतरी कारागिरी केलीये.

आणि टायर!! माझं हे नाव उगाच नाही. "टायर एकदम नवे" म्हणून एकाने गाडी गळ्यात मारली, चकाचक काळे टायर, नक्षी पूर्ण, आणि पहिल्याच पावसात ब्रेक दाबला तर गाडी गोल फिरून जिकडून आली तिकडेच तोंड करून उभी. नशीब मागे कोणी नव्हतं. मग टायरच्या बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे वाचले, आठवडा आणि वर्ष असतं ते, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ चा २३ वा आठवडा. माझे नऊ वर्षांचे म्हातारे निघाले, रबर नुसतं दगड.

मोजपट्टी:
क्रॅश टेस्टचे स्टार बघा पण सोबत साल बघा. फियाट पुंटोला युरो एनकॅपने (युरोपात गाड्यांची क्रॅश टेस्ट करणारी संस्था) २००५ मध्ये ५ स्टार दिले होते, तीच गाडी २०१७ मध्ये परत तपासली तर शून्य. गाडी तीच, पेपर अवघड झाला. आणि छोट्या गाडीचे ५ आणि मोठ्या गाडीचे ५ एका तागडीत घालू नका. १००० किलोची आणि २००० किलोची दोघी ५० च्या स्पीडने समोरासमोर आदळल्या तर जड गाडीच्या वेगात ३३ चा फरक पडतो आणि हलकीच्या ६७ चा, ती सरळ मागे ढकलली जाते, शाळेतल्या संवेगाचंच गणित आहे. म्हणून माझं मत वापरलेल्या सेडानला. उंच एसयूव्ही मात्र पहिली गाडी म्हणून नको, जड असते हे बरोबर पण झटक्यात वळवली की अंग टाकते.

८०००_आरपीएम:
सगळे मिळून पोरीला आजोबांची गाडी देताय. माझी पहिली गाडी २०० बीएचपीची होती, काही झालं नाही. एक दिवस ट्रॅकवर नेऊन शिकवा की, विषय संपला

क्लचप्लेट:
तुझं काही झालं नाही म्हणून तू इथे लिहितोयस भावा. आणि ट्रॅकवर एक दिवस जाऊन आलेलं पोर जास्त बिनधास्त होतं, तो अर्धवट आत्मविश्वास वाईट. त्यापेक्षा रिकाम्या मैदानात पूर्ण ताकदीने ब्रेक मारायला शिकवा. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम) पायाखाली थरथरलं की नवखे घाबरून पाय उचलतात, तेवढं गेलं तरी खूप. ६० पेक्षा १०० ला पावणेतीन पट ऊर्जा थांबवायची असते, बीएचपी कितीही असो.

मागच्या_सीटवरून:
काका मी १९ चा आहे, मोठ्यांनी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एकटा असताना मी एकदम सज्जन चालवतो. तीन मित्र बसले की मागून कोणीतरी म्हणतंच, बघू किती पळते. आणि हे दमदार गाडीतच म्हणतात, आमच्या आईच्या गाडीत आजवर कोणी म्हटलं नाही. त्यामुळे पहिले सहा महिने मित्रमैत्रिणी भरून रात्री जायचं नाही एवढं ठरवून टाका, बीएचपीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. काही गाड्यांमध्ये पोरांसाठी वेगळी किल्ली सेट करता येते, फोर्डचं मायकी आहे, शेव्हरलेचं टीन ड्रायव्हर आहे, टॉप स्पीडला मर्यादा, गाण्यांच्या आवाजाला मर्यादा, बेल्ट लावेपर्यंत म्युझिक बंद. फक्त तिला सांगून करा. माझ्या बाबांनी गुपचूप केलं होतं, मला वाटलं स्पीकर गेले, दुकानात दाखवून आलो. कळल्यावर महिनाभर बोललो नाही त्यांच्याशी.

तिचा_बाबा:
अपडेट. काल तिला घेऊन एक सेडान बघून आलो, १४० बीएचपी, १५५० किलो, भागाकार तिनेच केला, टनाला ९०. पिवळं चिन्ह पेटलं आणि विझलं. मालक इंजिनाचं कौतुक करत होता आणि लेक गुडघ्यावर बसून टायर वाचत होती, ३७१५ निघाले, माणूस जरा गप्पच झाला. चार नवीन टायर घालून देतो म्हणालाय. सहा महिन्यांच्या अटीवर घासाघीस चालू आहे, ती तीनवर आलीये, मी पाचवर आहे. पण तिने हा सगळा धागा वाचलाय, माझ्या पाचव्या गिअरसकट, आणि आईला वाचून दाखवला तर मला तीनवर यावं लागेल असं दिसतंय.