‘बूफ-ए-कूर’मधली स्वप्नं: युंग लावताना कुठे फसतं?

खाडीकाठ: रत्नागिरीत आमच्या वाचकगटात सादेक हिदायतच्या ‘बूफ-ए-कूर’वर (‘आंधळं घुबड’ ही फार्सी कादंबरी) अर्धा तास बोलायचंय, मानसशास्त्रज्ञ युंगच्या अंगाने. टिपण असं: काळ्या कपड्यांतली मुलगी म्हणजे अ‍ॅनिमा (पुरुषाच्या मनातली स्त्रीप्रतिमा), भिंतीवरची सावली म्हणजे शॅडो, कुबडा म्हातारा म्हणजे ‘ज्ञानी वृद्ध’, नाग म्हणजे वासना. पंधरा मिनिटांत संपतं आणि कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईलसं वाटतं. काय चुकतंय?

सुरूबन: यादी केलीत तिथेच. युंगचं अ‍ॅम्प्लिफिकेशन, म्हणजे प्रतिमेचा अर्थ विस्ताराने उलगडणं, हा शब्दकोश नव्हे. आधी प्रतिमा कुठेकुठे परत येते ते बघायचं, मग तिकडच्या संस्कृतीत तिला काय अर्थ आहे ते, आणि आर्किटाइपचं (सगळ्या माणसांत आढळणाऱ्या आदिम प्रतिमेचं) नाव अगदी शेवटी.

वहीत दोन रकाने आखा, कादंबरीचे दोन भाग. एकट्या सरूच्या (सायप्रसच्या) झाडावर दहा मिनिटं जातील. आपल्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावरचं सुरूचं बन येतं. ‘सुरू’ हे नाव फार्सी ‘सरू’वरूनच आलं, झाड मात्र वेगळं. फार्सी कवितेत सरू म्हणजे प्रेयसीचा सरळ, उंच बांधा. नायक कलमदानावर (लेखण्यांच्या पेटीवर) पुन्हापुन्हा काढतो त्या चित्रात त्याच सरूखाली बसलाय कुबडा म्हातारा, डाव्या हाताची तर्जनी ओठांवर. ओहळापलीकडून मुलगी त्याला नीलोफरचं फूल देतेय.

हेच दृश्य नायकाला भिंतीतल्या झरोक्यातून दिसतं तो दिवस नवरोजचा, म्हणजे इराणी नववर्षाचा, तेरावा. सगळं गाव बाहेर गेलंय, हा खिडकी लावून घरात. दुसऱ्या भागात तोच तेरावा दिवस, सूरेन नदी, सरूंआड लपाछपी. मुलगी पाण्यात पडते आणि डावी तर्जनी चावत हसते. म्हणजे ‘दिव्य दर्शन’ ही बालपणीची आठवण, तुकडे हलवून पुन्हा जुळवलेली. इथे युंगपेक्षा फ्रॉइडचं संक्षेपण (स्वप्नात अनेक गोष्टी एका प्रतिमेत मिसळणं) आणि विस्थापन (भावना एका गोष्टीवरून दुसरीवर सरकणं) जास्त कामाला येतं.

दारूचंही तसंच. पहिल्या भागात ती वारशाने आलेली जुनी दारू, तो मुलीच्या तोंडात ओततो. तिच्यात नागाचं विष आहे आणि ती नायकाच्या आईने मागे ठेवलीय, हे दुसऱ्या भागात कळतं.

पिंगळा: सहमत. सावलीचं तर उलटंच आहे. आपण भिंतीवरच्या सावलीसाठी लिहितोय असं नायक स्वतःच सांगतो. युंगची शॅडो म्हणजे माणूस जे आपलं मानायला तयार नसतो ते. ते इथे म्हातारा: अंगावर काटा आणणारं कोरडं हसू, आणि शेवटी हा स्वतःच तो होऊन बसतो. त्याला ज्ञानी कुठून म्हणायचं?

आणखी एक. फार्सीत ‘ऊ’ म्हणजे तो, ती दोन्ही. सर्वनामाच्या लिंगावर काही बेतू नका, ते अनुवादकाचं असतं.

खाडीकाठ: आणि नाग? आपल्याकडे तो राखणदार. हिदायत मुंबईत राहिला होता, 1936 मध्ये पुस्तकाच्या पहिल्या मोजक्या प्रती त्याने तिथेच काढल्या. मग आपला अर्थ चालेल ना?

सुरूबन: नाही हो. नायकाचं हिंदुस्थान म्हणजे ऐकीव बनारस. बाप आणि काका जुळे. दोघांना नागासोबत अंधाऱ्या खोलीत कोंडतात. एक जण बाहेर येतो, केस पांढरे, भान गेलेलं, आणि तो दोघांतला कोण ते कुणालाच ठरवता येत नाही. हा नाग राखत नाही, ओळख पुसतो. पुढे सगळी माणसं एकमेकांसारखी का दिसतात, ते इथून सुरू करा.